किती सेंट पडला?

मार्च उतरणीला लागला की चिकमगळूरच्या आणि कोडगूच्या डोंगरांत दुपारी चारनंतर कोणाचंच कामात लक्ष नसतं. नाताळानंतर सहसा थेंब पडलेला नसतो. कॉफीची पानं मलूल होऊन लोंबलेली, फांदीच्या प्रत्येक पेराशी हिरवट कळ्यांचे झुबके ताटकळत बसलेले. पश्चिमेला ढग जमतात, वारा सुटतो, पाचोळा उडतो आणि पत्र्यावर ताडताड पाऊस वाजू लागतो. मराठी माणूस ज्याला वळीव म्हणतो, तोच हा पाऊस. मळेवाले त्याला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात, कारण कॉफीचं अख्खं वर्ष या एका सरीवर ठरतं. अर्ध्या-पाऊण तासात सर ओसरते आणि घरोघरचे फोन वाजायला लागतात. ‘काय, तुमच्याकडे किती सेंट पडला?’

सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. देशात मिलिमीटर येऊन कित्येक दशकं झाली, पण मळ्यांतला पाऊस अजूनही इंच-सेंटांतच मोजला जातो. घरापुढच्या मोकळ्या जागेत, झाडांपासून लांब, पर्जन्यमापक रोवलेला असतो. रोज सकाळी ठरल्या वेळी मालक स्वतः त्यातलं पाणी मोजपात्रात ओततो, डोळा पाण्याच्या रेषेशी आणतो आणि आकडा वहीत लिहितो. काही घरांत या वह्या आजोबांच्या काळापासून चालत आल्या आहेत. एकाकडे सव्वा इंच पडतो आणि टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याकडे वीसच सेंट. ज्याला सव्वा इंच मिळाला तो रात्री निवांत झोपतो. वीस सेंटवाल्याची झोप उडते, कारण अर्धवट ओलाव्यानं कळ्या फुगतात खऱ्या, पण न उमलताच करपून जातात. ज्यांच्याकडे तळं आणि तुषार सिंचन आहे ते पंप सुरू करतात. बाकीचे पुन्हा आभाळाकडे बघतात.

पाऊस नीट झाला तर आठ-दहा दिवसांनी एका सकाळी सगळा डोंगर पांढरा होतो. फांदीवर जागाच उरत नाही, जणू कोणी चुरमुरे चिकटवले आहेत. वास मोगऱ्याच्या जवळचा, आणि इतका दाट की गाडीच्या बंद काचांतूनही आत येतो. आग्या मोहोळाच्या माश्यांचा गुंजारव पहाटेपासून सुरू होतो. रोबस्टा जातीला त्यांची गरज फार, कारण तिच्या झाडाला स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही. अरेबिका मात्र स्वतःच्या परागांवर निभावते. तीन-चार दिवसांत फुलं तपकिरी पडतात आणि सोहळा संपतो. त्यानंतर काही आठवड्यांत पाठराखणीची दुसरी सर यावी लागते, तेव्हा फळ तग धरतं.

हा प्रदेश मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. महाबळेश्वर, आंबोली, गोवा असा दक्षिणेकडे उतरत जाणारा सह्याद्री पुढे कर्नाटकात मलेनाडू होतो, म्हणजे डोंगरांचा मुलूख. मिरजेहून हुबळी-दावणगिरीमार्गे बेंगळुरूला जाणाऱ्या गाडीनं बिरूरला किंवा कडूरला उतरावं. तिथं माळरान आहे, नारळ-सुपारीच्या बागा आहेत, हवा कोरडी आहे. पुढे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत रस्ता चढू लागतो आणि चिकमगळूर येतं. गावामागे मुळ्ळय्यनगिरी, १,९३० मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाईपेक्षा जवळजवळ तीनशे मीटर उंच. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की नाव येतं ते मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं. तिथं इंग्रजांच्या काळापासून थोडी कॉफी होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरही पाऊस काही कमी पडत नाही, पण ऑक्टोबरनंतर तो जो पाठ फिरवतो ती थेट मे-जूनपर्यंत. दक्षिणेत मार्च-एप्रिलमध्ये हमखास येणारा वळीव आपल्याकडे बेभरवशाचा, आणि कॉफी नेमकी त्याच्यावर जगते.

मुळ्ळय्यनगिरीच्या शेजारीच बाबा बुडनगिरी. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी संतानं हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरात पेरल्या, अशी कथा आहे. अरबी व्यापारी उगवणारं बी देशाबाहेर जाऊ देत नसत, भाजून किंवा उकडूनच विकत. म्हणून सात बियांची ही चोरी लोकांनी प्रेमानं जपली आहे. सात हा आकडा कथेचा असेल, पण भारतातली कॉफी याच डोंगरातून सुरू झाली हे सगळेच मानतात. ज्या गुहेशी बाबांचं नाव जोडलं आहे, तीच दत्तात्रेयांचं पीठ म्हणूनही पूजली जाते. दत्तभक्त आणि दर्ग्याला येणारे भाविक इथं पिढ्यान्‌पिढ्या एकाच दारातून आत गेले. अलीकडच्या दशकांत त्यावरून कोर्टकज्जे झाले, पण उतारावरच्या जुन्या मळ्यांत दोन्ही नावं अजून सहज घेतली जातात.

मळ्यात पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास विचारतो, ‘मळा कुठं आहे?’ कारण समोर दिसतं ते जंगल. उंच शिसव, बिबळा, नाणा, उंबर, फणस. त्यांच्या खाली पांगारा. त्याच्याही खाली पुरुषभर उंचीची, गडद चकचकीत पानांची कॉफी. बुंध्यांवर मिरीचे वेल चढलेले. दुपारी बारालासुद्धा जमिनीवर ऊन नाण्यांसारखं सांडलेलं. फांद्यांतून शेकरू उड्या मारतो, तोच आपला भीमाशंकरचा. तांबटाचं टुक्‌टुक् थांबत नाही आणि पहाटे मलबारी कस्तुर शीळ घालतो, ती ऐकून नवखा पाहुणा कोण माणूस गातोय म्हणून खिडकी उघडतो.

या सावलीमागे कारण आहे. अरेबिका मूळची इथिओपियाच्या डोंगरी जंगलातली, मोठ्या झाडांच्या पायाशी वाढणारी. तिला उघड्या उन्हात लावलं तर ती एका वर्षी झेपणार नाही इतकी फळं धरते आणि दुसऱ्या वर्षी वाळायला लागते. शिवाय उन्हात तापलेल्या खोडावर पांढरा खोडकिडा अंडी घालतो. त्याची अळी आतून खोड पोखरते आणि झाड उपटून जाळण्यावाचून इलाज उरत नाही. सावली दाट असली तर हा किडा कमी येतो. ती फार दाट झाली तर मात्र पानांवर तांबेरा पसरतो आणि फुलोरा आटतो. म्हणजे सावली हवी, पण मापात. दरवर्षी पावसाळ्याआधी तरबेज माणसं कोयता कमरेला लावून चाळीस-पन्नास फुटांवर चढतात आणि कोणती फांदी ठेवायची, कोणती उतरवायची ते ठरवतात. कन्नडमध्ये या कामाला ‘मरगसी’ म्हणतात. मळ्यातलं सर्वांत जोखमीचं काम हेच. दरवर्षी कुठं ना कुठं कोणीतरी पडतो. हे काम जाणणारे हात आता कमी होत चालले आहेत, आणि ज्याच्यावर सगळा मळा उभा आहे त्या कारागिराला पर्यटकांच्या माहितीपत्रकात एक ओळही नसते, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

तांबेऱ्याचा धसका इथल्या इतिहासात खोलवर आहे. १८६९ मध्ये तो सिलोनात आला आणि काही वर्षांत त्यानं तिथली कॉफी बुडवली. सिलोन चहाकडे वळलं ते त्यामुळे. भारतातल्या मळ्यांनाही तडाखा बसला. पण इथं जुनी मोठी झाडं बऱ्याच ठिकाणी शाबूत होती आणि मळेवाले टिकाऊ वाण शोधत राहिले. १९२५ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानानं कॉफीसाठी संशोधन केंद्र काढलं. बाळेहोन्नूरचं आजचं केंद्रीय कॉफी संशोधन केंद्र ते हेच. तिथून १९४०च्या दशकात बाहेर पडलेला ‘एस ७९५’ हा वाण अजूनही भारतीय अरेबिकाचा कणा आहे. सखल, उष्ण उतारांवर तांबेऱ्याला दाद न देणारी रोबस्टा आली. आज देशातल्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के वाटा तिचाच. एकूण कॉफीपैकी साधारण सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात होते आणि त्यात कोडगू जिल्हा सर्वांत पुढे.

चिकमगळूरहून कोडगूला जाताना वाटेत सकलेशपूर लागतं, हासन जिल्ह्यातलं. तिथून सुब्रह्मण्यकडे उतरणारा रेल्वेचा घाट पन्नासहून अधिक बोगद्यांतून जातो. कोडगूत मात्र रेल्वे नाहीच. तिथल्या मडिकेरीला पोचायचं तर रस्त्यानंच, वळणं घेत.

कोडगूची ओळख कॉफीपेक्षा जुनी आहे. इथल्या कोडव लोकांचं वडिलोपार्जित घर म्हणजे ‘ऐनमने’. चौसोपी, मधे अंगण, खांबांवर कोरीव काम, दरीतल्या भातखाचरांकडे तोंड करून उभं. कॉफी इथं बस्तान बसवून बसली ती १८३४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केल्यानंतर. त्याआधी मान होता तो भाताचा. आजही मोठा सण ‘पुत्तरी’, म्हणजे नव्या भाताचा. जेवणात तांदूळच निरनिराळ्या रूपांत येतो: कडुंबुट्टू नावाचे वाफवलेले गोळे, शेवयांसारखा नूलपुट्टू, अक्की रोटी. शेजारी कचंपुळी घातलेलं डुकराचं मटण. कचंपुळी हा काळा, दाट आंबट अर्क. कोकमाचं भावंड असलेल्या एका फळाचा रस आटवून तो करतात, त्यामुळे कोकणातल्या माणसाला चव अर्धी ओळखीची वाटते. आणि कॉफी? घरात पूर्वापार चालते ती बेल्लद कापी, गुळाची बिनदुधाची कॉफी. पितळी डबऱ्यात फेसाळणारी दुधाळ फिल्टर कॉफी ही शहरातली चाल. मळ्यात भल्या सकाळी पातेल्यात गूळ-पाणी उकळतं, पूड पडते, झाकण बसतं.

पाहुण्यांना घरात ठेवण्याची पद्धत फोफावली ती अडचणीच्या काळात. १९४२ च्या कायद्यानं कॉफी बोर्ड पक्कं उभं राहिलं आणि प्रत्येक शेतकऱ्याला आपलं पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालणं बंधनकारक झालं. पैसे हप्त्याहप्त्यानं मिळत. ती सक्ती १९९६ मध्ये पूर्ण उठली. मोकळ्या बाजाराचा आनंद काही वर्षंच टिकला. व्हिएतनामच्या रोबस्टाचा पूर आला आणि शतक बदलताना जगभरचे भाव कोसळले. तेव्हा अनेक घरांनी मुलांच्या रिकाम्या खोल्या झाडल्या आणि बेंगळुरूच्या पाहुण्यांसाठी उघडल्या. भाव पुढे सावरले, २०२४ मध्ये रोबस्टानं विक्रम केला, पण खोल्या चालू राहिल्या.

नोव्हेंबर ते मार्च हा तोडणीचा हंगाम. आधी अरेबिका, मग रोबस्टा. अरेबिका एकदम पिकत नाही, त्यामुळे लाल झालेली तेवढीच फळं वेचत त्याच झाडाकडे तीन-चार वेळा यावं लागतं. कमरेला पिशवी बांधून, फांदी खाली वाकवून, दोन्ही हातांची बोटं चालतात. पूर्वी हे काम येरव, पणिय, कुरुब या आदिवासी कुटुंबांकडे आणि मैदानी तालुक्यांतून येणाऱ्या मजुरांकडे असे. आता मळ्यांतल्या ‘लाईनी’त, म्हणजे मजुरांच्या चाळींत, संध्याकाळी आसामी आणि बंगाली ऐकू येते. उन्हं कलली की वजनकाटा लागतो. बायका आपापलं पोतं ओढत आणतात, हिरवी फळं आणि डहाळ्या निवडून काढतात, काट्यावर डोळे रोखून उभ्या राहतात. आकडा वहीत पडेपर्यंत कोणी हलत नाही, कारण ठरलेल्या वजनावरच्या प्रत्येक किलोचे पैसे वेगळे असतात.

फळं रात्रभर ठेवली तर आंबतात, म्हणून अरेबिका त्याच संध्याकाळी पल्परमध्ये जाते. साल निघते, बियांवरचा बुळबुळीत थर आंबवून धुऊन काढतात. उरलेलं कातडीसारख्या टरफलातलं बी, ते ‘पार्चमेंट’. धुण्याचं हे पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. ते मुरवायला आणि शुद्ध करायला खड्डे हवेत, आणि जिथं ते नाहीत तिथं खालच्या गावाला हंगामभर सोसावं लागतं. रोबस्टा बहुतेक ठिकाणी अख्खीच वाळवतात, ती ‘चेरी’. पुढचं सगळं खळ्यावर. सारवलेल्या किंवा फरसबंद खळ्यावर पातळ थर पसरायचा, दंताळ्यानं सरी पाडत दिवसभर फिरवायचा, सूर्य मावळताना ढीग करून दव लागू नये म्हणून झाकायचा. पार्चमेंटला आठ-दहा दिवस, चेरीला दोन-तीन आठवडे. बी नीट वाळलं की मुठीत खुळखुळतं. पाच-सहा किलो फळांतून हातात येतं किलोभर बी. आणि नेमकं खळं भरलेलं असताना, जानेवारीत, अलीकडे पाऊस गाठू लागला आहे. वाळणारी कॉफी भिजते आणि झाडावर फळं असतानाच वेळेआधी फुलं येतात. वह्यांमधले जानेवारीचे कोरे रकाने भरू लागले आहेत.

संध्याकाळनंतर मळ्यात फिरू नका, असं यजमान आल्या आल्या सांगतात. ते हत्तींसाठी. नागरहोळेच्या जंगलालगतच्या मळ्यांत हत्ती दिवसा सावलीत थांबतात, तळ्यावर पाणी पितात, रात्री भातात किंवा फणसाखाली जातात. पिकलेली कॉफीची फळंही काही हत्ती खातात. फणसाच्या वासानं ते येऊ नयेत म्हणून कित्येक मळेवाले फणस कोवळेच उतरवून टाकतात. सकाळी कामावर निघालेला मजूर आणि धुक्यात उभा हत्ती यांची गाठ पडून माणसं गेली आहेत. वनखातं हत्तींच्या गळ्यात पट्टे बांधतं, मोबाईलवर इशारे पाठवतं. तरी पहाटे चालत निघणाऱ्या बाईला खरा आधार असतो तो पुढे गेलेल्या माणसाच्या हाकेचा.

पाहुण्याला मळा सगळीकडे सारखाच हिरवा दिसतो. दोन मळे शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो. एकात दहा-वीस जातींची झाडं. दुसऱ्यात सरळसोट, करड्या बुंध्यांच्या रांगा, पानं नेच्यासारखी चिरलेली. हा सिल्व्हर ओक, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो झपाट्यानं वाढतो, सरळ बुंध्यावर मिरी छान चढते, आणि मुख्य म्हणजे तो तोडून विकायला वनखात्याची परवानगी लागत नाही. शिसव किंवा बिबळा स्वतःच्या जमिनीत असला तरी कागदपत्रं, हेलपाटे आणि वाट पाहणं आलं. कोडगूत तर काही जुन्या प्रकारच्या जमिनींवर मोठ्या झाडांच्या लाकडाचा हक्कच सरकारचा. मग शेतकऱ्यानं शिसवाचं रोप का जपावं? कायदा देशी झाडं वाचवायला केला आणि त्याच कायद्यामुळे मळ्यांतून देशी रोपं उगवताच उपटली जाऊ लागली. हा नियम बदलायला हवा. स्वतः लावलेलं देशी झाड विकण्याचा सोपा हक्क शेतकऱ्याला मिळाला, तर सिल्व्हर ओकची निम्मी ओढ संपेल. त्यातच रोबस्टाला चढे भाव आले की सावली आणखी विरळ करून उत्पादन वाढवण्याचा मोह होतो, तुषार सिंचन असलं की तो दुप्पट होतो.

सावली गेल्यावर काय जातं ते तोलायला जवळच मोजपट्टी आहे. कोडगूत हजारावर देवरकाडू आहेत, म्हणजे आपल्या देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांवर लिहिलं; देवराया जपण्याची जमिनीची नि पाण्याची कारणं इथंही लागू पडतात. जुन्या मिश्र सावलीचा मळा देवरकाडूच्या जवळचा असतो, पक्षी आणि मधमाश्या दोन्हींत ये-जा करतात. सिल्व्हर ओकच्या रांगांत ही वर्दळ कमी होते. आणि उतार तर उतारच. ऑगस्ट २०१८ मध्ये मडिकेरीच्या आसपास दरडी कोसळल्या, मळेच्या मळे झाडांसकट दरीत गेले, माणसं दगावली. अतिवृष्टी हे कारण होतंच, पण घरांसाठी, रस्त्यांसाठी आणि पाहुण्यांच्या खोल्यांसाठी कापलेल्या चढांवर जमीन अधिक सहज सुटली. माळीणची दरड पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. पाहुण्यांनी म्हणून एवढं पाहावं की आपण राहतो ते घर जुनं आहे की कालपरवा डोंगर कापून उभं केलेलं. पैसे पहिल्या घराला द्यावेत.

जाणार असाल तर पावसाळ्यात जळवांची तयारी ठेवा, तोडणी पाहायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. मळ्यात हिंडताना यजमानांना झाडांची नावं विचारा, कोणती आजोबांनी ठेवलेली आणि कोणती नवी ते विचारा, आणि पावसाची वही दाखवा म्हणा. ती कौतुकानं दाखवतात. फुलोऱ्याची तारीख मात्र कोणी आधीपासून सांगू शकत नाही. एखाद्या मळेवाल्याकडे आपला नंबर देऊन ठेवावा. मार्चच्या शेवटी कधीतरी संध्याकाळी त्यांचा फोन येईल की इंचभर झाला. त्यानंतर हातात आठ दिवस असतात. बिरूरचं तिकीट तेव्हा काढायचं.